बिनहॉर्नची गाडी

वैशाखऱ्यात रस्त्याला लागून असलेल्या घराच्या अंगणात तांदूळ पाखडत बसलेली बाई हातातलं सूप टाकून उठली आणि छातीवर हात ठेवून गतिरोधकापाशी येऊन उभी राहिली. सोमवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते. इंद्रजीतने गाडी हळू केलीच होती, कारण गतिरोधकावर ती हळू केली नाही तर साखळीवरचं झाकण निखळून पडेल असं त्याला मेकॅनिकने बजावलं होतं. ते झाकण शेणव्यापासून चाळीस किलोमीटर खडखडत आलं होतं. बाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती त्याने आज पहिल्यांदाच काढलेल्या जुन्या गाडीच्या लाल टाकीकडे बघत होती, आणि तिने विचारलं, "कोन गेलं?" गेल्या जूनमध्ये इंद्रजीतची बदली वैशाखऱ्याच्या पुढच्या शाळेत झाल्यापासून तो रोज दोनदा या घरावरून जात होता, नव्या गाडीवर, हेल्मेटची काच खाली ओढून, नजर रस्त्यावर खिळवून. आणि सहा महिन्यांत त्याने या अंगणात एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहावंच लागलं. तो म्हणाला, "कोन नाय, ललिताताय. असाच चाललोय, शाळेत." तिने त्याच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं, ओळखलं, आणि तिचा चेहरा आणखीच उतरला. त्याला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो. काय ते मात्र कळलं नाही. त्याने गाडी पुढे काढली. आरशात ती बराच वेळ दिसत राहिली, एका जागी, हात तसाच छातीवर. तिच्यामागे कोंबड्या सांडलेल्या तांदळावर तुटून पडल्या होत्या.

शाळेत तो लिपिक होता. हजेरीपट, पोषण आहाराचा तक्ता, दाखले, हे त्याचं जग, आणि त्यात तो चोख होता. त्या दिवशी त्याने एकाच मुलाचा दाखला तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा जन्मतारीख चुकवली. खिडकीतून झाडाखाली उभी असलेली गाडी दिसत होती. तिला बाहेर काढायची कल्पना त्याची बायको संघरत्ना हिची. पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा लोकांनी शिव्या दिल्या; ते आणखी चढलं तेव्हा शिव्याही संपल्या आणि लोक गोठ्यांकडे वळले. नव्या दणकट गाड्या दारात कापड पांघरून उभ्या राहिल्या आणि पेंढ्याखालून, पडवीतून, कोंबड्यांच्या खुराड्यामागून शंभर सीसीच्या जुन्या गाड्या बाहेर निघाल्या. किन्हवलीच्या हरेशच्या गॅरेजपुढे त्यांची अशी रांग लागली होती की तिकडून जाताना वाटे, वीस-तीस वर्षांपूर्वीचा बाजाराचा दिवस आहे. एकीच्या सीटखाली उंदराने संसार मांडला होता. एकीच्या टाकीत कुणीतरी बी-बियाणं साठवलं होतं. हरेशच्या आनंदाला पारावार नव्हता. या गाड्या लिटरला सत्तर देतात आणि तक्रार करत नाहीत, माणसं नेमकी उलटी, असं तो दर गिऱ्हाइकाला ऐकवायचा. इंद्रजीतच्या वडिलांची, बुधाजींची, ही गाडी चौदा वर्षं उभी होती. हरेशने कार्ब्युरेटर धुतला, चाकं बदलली, पासिंगचंही मार्गी लावलं. साखळीवरचं झाकण मात्र जुन्या मापाचं मिळेना, म्हणून तेच तारेने बांधलं. आणि मग त्याने सीटखालच्या डब्यातून एक फडकं काढलं आणि सहजपणे त्याला हात पुसायला लागला. निळ्या शर्टाची बाही होती ती, काजाची शिवण अजून शाबूत असलेली. इंद्रजीतने ती त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. हरेश हसून म्हणाला, सोनं बांधलंय की काय त्यात. घडी करून इंद्रजीतने ती पुन्हा डब्यात ठेवली.

अकराच्या सुमाराला, दाखल्याचा चौथा कागद हातात असताना, त्याला आपण काय चुकीचं बोललो ते कळलं. कोन नाय, असाच चाललोय. मयताचा सांगावा घेऊन येणारा माणूस नेमकं असंच बोलतो. दारात जाऊन 'मेला' असं कोणी म्हणत नाही, तशी रीतच नाही. म्हणायचं, काही नाही, जरा बरं नाही, सहज आलो होतो, निघा म्हणालेत. समोरचा समजून घेतो आणि रडू रस्त्यात फुटतं. बुधाजींचं तर यात पक्कं ठरलेलं होतं. सांगावा घेऊन जाताना ते वाटेत कुठेही हॉर्न वाजवायचे नाहीत. घर दिसायला लागलं की इंजिन बंद करायचे आणि गाडी ढकलत दाराशी न्यायचे. एरवी, भाजी आणायला किंवा आठवडी बाजाराला जाताना, हॉर्न वाजवून अख्खा रस्ता डोक्यावर घ्यायचे. लहानपणी इंद्रजीतला ते गमतीचं वाटे. गाडी बिनहॉर्नची निघाली की आई हातातलं काम थांबवून विचारायची, कुठला रे आज. आणि आज सकाळी त्याने हॉर्न वाजवला नव्हता, कारण जुन्या गाडीचा हॉर्न मेलेलाच होता. गतिरोधकावर वेग कमी करून, हॉर्न न वाजवता, बुधाजींच्या मुलाने बुधाजींच्या गाडीवरून येऊन सांगितलं होतं की कोणी गेलं नाही. त्या बाईने यातून दुसरं समजायचं तरी काय? मधल्या सुट्टीत तो तीन किलोमीटर मागे गेला. घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं, ललिता दहाच्या जीपने माहेरी शेणव्याला गेली, भाऊ गेला तिचा, रडतच चढली. इंद्रजीत अंगणात उभा राहिला. सूप पालथं पडलं होतं. शेणव्याला त्याने बायकोला फोन करून, ललिताचा भाऊ सुरेंद्र ठीक आहे ना, एवढं विचारायचं ठरवलं आणि मग केला नाही. सुरेंद्रला त्याने सकाळीच गुरं सोडताना पाहिलं होतं, तो टुणटुणीत होता.

पाच वाजता तो परत निघाला. टोकावड्याच्या पुढे उतारावर गाडी आपली आपण पळायला लागली आणि झाकण तालात खडखडू लागलं. त्याच्याबरोबर नको ते सगळं वर यायला लागलं. या रस्त्याने त्याचा आजा मंगळू चालत जायचा. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. गावात कोणाकडे मयत झालं की गावकीचा हक्काचा माणूस म्हणून त्याला पिटाळायचं, मग ऊन असो की थंडी. पोचल्यावर दारापासून लांब उकिडवं बसून सांगायचं आणि ओंजळीत ओतलेलं पाणी पिऊन दुसऱ्या गावाला निघायचं. छप्पन सालानंतर शेणव्याच्या त्यांच्या वाड्याने धम्म घेतला तेव्हा मंगळूने ती काठी चुलीत घातली आणि त्या जाळावर घरादाराला चहा करून पाजला. आमच्या घरातलं कोणी पुन्हा मयताचा निरोप नेणार नाही, असं त्याने चहाचा पेला हातात धरून सांगितलं होतं, आणि ही गोष्ट इंद्रजीतने इतक्या वेळा ऐकली होती की तो चहा आपणही प्यायलो असं त्याला वाटे. पुढे बुधाजी आश्रमशाळेत शिपाई लागले आणि एकोणनव्वद साली त्यांनी ही गाडी घेतली. गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती. वर्षाच्या आत पाटलांकडचा माणूस दारात आला, बुधाजी, गाडी आहे तुझ्याकडे, तेवढं मुरबाडला कळवून ये. आणि बुधाजी गेले. म्हाताऱ्या मंगळूने त्या दिवशी एकच वाक्य उच्चारलं, "काठीची गाडी झाली, बाकी तेच." तो मरेपर्यंत त्या गाडीवर बसला नाही. आजारी असतानाही दवाखान्यात बैलगाडीने गेला.

इंद्रजीत आजाच्या बाजूचा होता. वयच तसं होतं. कॉलेजात जायचा, पुस्तकं वाचायचा, सभांना जायचा. वडिलांना त्याने विचारलं होतं, भांडला होता, एकदा तर जेवणाच्या ताटावरून उठला होता. बुधाजी तसे कमी बोलणारे. ते इतकंच म्हणाले होते की माझा बाप लांब उकिडवा बसायचा, मला खाटेवर बसवतात. आणि बातमी कळली की माणसं माझा हात धरून रडतात. "त्या येळेला हात कोनाचा हाय ते कोन बघत नाय." इंद्रजीतला हे ऐकून संताप आला होता. हात धरायला माणूस मरावं लागतं, याचा तुम्हाला आनंद वाटतो का, असं तो म्हणाला होता. बुधाजी उठून गाडी पुसायला गेले. अठ्ठ्याण्णव सालच्या मार्गशीर्षात एका सकाळी कॉलेजात पाटलांच्या भावकीतल्या एका पोराने चारचौघांत म्हटलं, याच्या बापाला पेट्रोल घातलं की तो सांगावे वाटत फिरतो. चारचौघं हसली. पोरगा काही दुष्ट नव्हता, नंतर तो चांगला मित्रही झाला असता, पण इंद्रजीतने ते हसणं घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला महादू पाटील गेले आणि त्यांचा मुलगा सुरेंद्र स्वतः दारात आला: वैशाखऱ्याला ललिताला आणायचं आहे, ती आल्याशिवाय बाबांना उचलत नाही. लेकीने बापाचं तोंड बघायचं असतं. बुधाजी सदरा घालायला आत गेले. तेवढ्या वेळात इंद्रजीतने दोरीवरच्या आपल्या जुन्या निळ्या शर्टाची बाही टर्कन फाडली आणि तिचा बोळा करून सायलेन्सरच्या नळीत, काठीने ढोसत, आत खोल सारला.

सरळगावच्या नाक्यावर तो चहाला थांबला. चहा आला आणि गारही झाला. जे टाळायला थांबला ते त्याला मनात ऐकू येतच होतं: किकचा आवाज. बुधाजी त्या दिवशी आठपासून दुपारी बारापर्यंत किक मारत होते. त्यांनी प्लग काढून घासला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली, गाडी उतारावर ढकलत नेली आणि पुन्हा चढावर आणली; सदरा पाठीला चिकटला. मागच्या नळीत वाकून पाहायचं कोणाच्याही डोक्यात येत नाही. वाड्यातली माणसं जमून सल्ले देत होती. इंद्रजीत दाराच्या आडून बघत होता आणि त्याला आनंद झाला होता, हे त्याला आजही नाकारता येत नाही. इथपर्यंतचं त्याने स्वतःला कधीतरी माफ करून टाकलं होतं. एकोणीस वर्षांचा होतो, अन्याय दिसत होता, हाताला जे आलं ते केलं. पण त्या दिवसाचा एक पुढचा तुकडा होता आणि त्याच्याजवळ आलं की त्याचं मन कायम वळसा घालून पुढे जायचं. आज नाक्यावर, गार चहापुढे, त्याला वळसा घालता येईना. बारा वाजता बुधाजींनी हात पुसले आणि त्याला म्हटलं, "पळत जा, सुरेंद्रला सांग गाडी चालू व्हत नाय, दुसरा मानूस धाडा." इंद्रजीत निघाला. पाटलांची आळी समोर दिसत होती, दारापुढे माणसं बसलेली, बाया रडत होत्या. आणि त्याच्या मनात आलं, निरोप घेऊन यांच्या दारात उभं राहायचं, हेच तर मला नको होतं. तो ओढ्याकडे वळला. तासभर तिथे दगडावर बसून राहिला. घरी आल्यावर म्हणाला, सांगितलं. पाटलांकडे सगळ्यांना वाटत राहिलं की बुधाजी गेलेत, येतीलच ललिताला घेऊन. साडेपाचपर्यंत थांबले आणि दिवस मावळायच्या आत उचललं. ललिताला तिसऱ्या दिवशी बाजारात कोणाकडून तरी कळलं.

घरी पोचला तेव्हा अंगणात अजून उजेड होता. त्याची आई गोजाबाई ओट्यावर बसली होती, आणि तिने पाणी द्यायच्या आधी दिवसाची बातमी दिली. ललिता पाटील दुपारी वेशीपासून गळा काढत आली, भावाच्या नावाने. आणि भाऊ ओट्यावर बसून भाकरी खात होता. अख्खी आळी हसली म्हणे. ती उभीच राहिली, त्याच्याकडे बघत, मग डोळे पुसले आणि त्याच पावली परत फिरली. भावजय पाण्याचा तांब्या घेऊन वेशीपर्यंत मागे गेली, पण तिने पाणी घेतलं नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिने माहेरात पाय टाकला आणि तोही असा. मग गोजाबाई गाडीकडे बघत म्हणाली, आवाज तसाच आहे रे अजून.

दिवेलागणीला सुरेंद्र आला. इंद्रजीतला वाटलं भांडायला आला. तो टेकला, संघरत्नाने दिलेला चहा घेतला आणि हसायला लागला. साठीचा माणूस, पण हसताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं. त्याने सांगितलं ते इंद्रजीतला नवं नव्हतं, पण इतकं समोरून त्याने ते कधी ऐकलं नव्हतं. बाप गेल्यावर बहीण आली ती भांडूनच गेली. तुम्ही मला कळवलंच नाही, बुधाजीकाकाला धाडलं असतं तर तो आल्याशिवाय राहिलाच नसता, आजीच्या वेळी आला, आईच्या वेळी आला. मी धाडलं होतं असं सुरेंद्र घसा फोडून सांगायचा आणि ती म्हणायची खोटं बोलतोस, जमिनीत हिस्सा मागेन म्हणून मला लांब ठेवलंस. बुधाजींना सुरेंद्रने एकदाच विचारलं होतं. ते म्हणाले, गाडी बंद पडली, माझी चूक झाली. "पर तिला त्ये माझ्या तोंडून पटत नाय रे. तू बुधाजीकाकाचा पोरगा. रोज तिच्या दारावरनं जातोस. येकदा सांग तिला, आमी धाडलं व्हतं." माझी चूक झाली, हे शब्द कुठून आले ते इंद्रजीतला माहीत होतं. बुधाजींना त्या संध्याकाळी गाडी आडवी करताना नळीतून तो बोळा सापडला होता. त्यांनी तो उलगडला, बाही ओळखली, विहिरीवर नेऊन साबणाने धुतली आणि दोरीवर वाळत घातली. एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर ते कोणाचाही सांगावा घेऊन गेले नाहीत, आणि मरेपर्यंत गाडी त्याच बाहीने पुसत राहिले. इंद्रजीत जिंकला होता. सुरेंद्रला तो म्हणाला, सांगतो.

मंगळवारी त्याने नवी गाडी काढली. संघरत्नाने भुवया उंचावल्या, तो म्हणाला जुनीत हवा कमी आहे. वैशाखऱ्यात काच खाली होती, नजर समोर होती, आणि डोळ्याच्या कडेने त्याने पाहिलं की अंगणातली बाई गाडीच्या आवाजाला मान वर करते आणि पुन्हा खाली घालते. बुधवारीही तसंच. आता लक्षात आलं की ती प्रत्येकच गाडीला मान वर करत होती. सहा महिने ती असं करत असेल का, की सोमवारपासून, हा प्रश्न त्याला शाळेत बसू देईना. सांगायचं म्हणजे किती सांगायचं? गाडी बंद पडली होती, एवढं म्हटलं तरी खोटं ठरत नव्हतं. सुरेंद्र सुटला असता, बुधाजींनी तर स्वतःच ती चूक अंगावर घेतली होती, आणि मेलेल्या माणसाला ओझं होत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्याला आपल्या सगळ्या वाटा स्वच्छ दिसत होत्या. बुधवारी परतताना सरळगावच्या पंपावर टाकी भरायला उभा असताना त्याच्या मनात आलं की आपण पेट्रोल जाळतोय ते एका बाईच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून, आणि हे आपल्याला आयुष्यभर परवडणार नाही. पैशाचा विचार त्यात होता, आणि फक्त पैशाचाच नव्हता.

गुरुवारी त्याने जुनी गाडी काढली. झाकण किन्हवलीच्या चढावर एकदा निखळलं, ते त्याने पुन्हा तारेने बांधलं. वैशाखऱ्यात शिरताना त्याने हॉर्नच्या बटणावर अंगठा दाबून धरला. काही वाजलं नाही. मग वाट्टेल तसा ओरडतच तो अंगणाशी आला, "ललिताताय, कोन गेलं नाय, कोन गेलं नाय," आणि रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. ती दारात आली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या मागे सोमवारची भीती अजून ओली होती. त्याने गाडी उभी केली, सीट उचलून ती बाही काढली आणि ओट्याच्या कडेला ठेवली. नंतर ओट्यावरच बसला. ती म्हणाली नव्हती तरी बसला.

त्याने सगळं सांगितलं. बोळ्याचं सांगताना आवाज सरळ होता. ओढ्याचं सांगताना तो थांबला, घोटभर पाणी मागितलं, तिने दिलं, आणि मग तेही सांगितलं: मला सुरेंद्रदादाला निरोप द्यायला पाठवलं होतं आणि मी दिला नाही, ओढ्यावर जाऊन बसलो. तुझ्या भावाने धाडलं होतं. माझा बाप निघाला होता. मी दोघांना थांबवलं. ललिता दाराला टेकून ऐकत होती. तिने बाही उचलली, काजाच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि परत ठेवली. रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि तिने सवयीने मान वर केली.

"आजी गेली तवा बुधाजीकाकानं माझा हात धरून मला गाडीवर बसवलं," ती म्हणाली. "आय गेली तवा बी. बाबाच्या येळेला मी तीन दिस उशिरा कळून रडले, आनि रडताना बी मला वाटायचं, त्यो येल. तुझा आजा तर चालत यायचा म्हनं, इथवर. मंग बुधाजीकाका चालत का नाय आला रे?"

हा प्रश्न गोजाबाईनेही त्या दुपारी विचारला होता, आणि बुधाजी उंबऱ्यावर बसून म्हणाले होते, चालत जानार नाय. तेव्हा इंद्रजीतला तो हट्ट वाटला होता. नंतर कधीतरी, स्वतः चाळिशी ओलांडल्यावर, शाळेच्या कचेरीत दाखला लिहिताना अचानक त्याला ते कळलं होतं आणि त्याने पेन खाली ठेवलं होतं. तो सावकाश म्हणाला, "गाडीवरनं यायचा तो त्याच्या मनानं यायचा, ताय. चालत आला असता तर त्ये आजाचं काम झालं असतं."

तिने हे ऐकलं. कळलं का ते तिच्या तोंडावरून सांगता येत नव्हतं. ती पाटलाची लेक होती, मंगळूला ओंजळीत पाणी ज्या घरातून मिळायचं त्या घरातली, आणि तिने कधी त्या बाजूने विचार केला असेल असं इंद्रजीतला वाटत नव्हतं. ती अंगणात उतरली, सूप उचललं, त्यातले खडे बघितले आणि पुन्हा ठेवलं. मग त्याच्याकडे पाठ करूनच बोलली.

"सुरेंद्रला मी सत्तावीस वरसं खोटा म्हनले. त्यो खोटा नव्हता. पर माझ्या बापाच्या घरात त्या दिशी चार गडी व्हते, दोन सायकली व्हत्या. त्यातल्या येकानं यायला पायजे व्हतं. तुझ्या बापाची वाट का बघत बसले सगले?"

इंद्रजीतला वाटलं होतं की सांगितल्यावर आपण हलके होऊ. तसं काही झालं नाही. तिने त्याला माफ केलं नव्हतं आणि शिव्याही दिल्या नव्हत्या. तिने फक्त त्याच्या शेजारी आणखी सहा माणसं आणून उभी केली होती, आणि ती सगळी आता त्या ओट्यावर दाटीने बसली होती, चूप. आजाची काठी, बापाची किक, आपला बोळा, आणि ती पाटलांची चार धडधाकट माणसं, मयताच्या उशाशी बसून दुसऱ्याची गाडी ऐकू येते का म्हणून कान टवकारलेली. त्याला शाळेला उशीर झाला होता. तो उठला. बाही घ्यावी की ठेवावी हे त्याला कळेना, तेव्हा तिनेच ती घडी करून त्याच्या हातात दिली.

"हार्न वाजत नाय का तुझा?" तिने विचारलं.

"मेलाय."

"त्यो आदी नीट कर. रोज जाताना वाजवत जा. बुधाजीकाका वाजवायचा नाय तवा आमी समजायचो. तू वाजवलास की मी समजेन, समदी हायत."

त्या संध्याकाळी तो थेट घरी न जाता किन्हवलीला हरेशकडे थांबला. रांगेत अकरा गाड्या होत्या, पण हॉर्नचं ऐकून हरेशने त्याला मध्येच घेतलं. जुना हॉर्न उघडला तर आत मातीचं घर होतं, कुंभारीण माशीने लिंपलेलं. त्याने ते पेचकसाने खरवडलं, तारा जोडल्या, आणि बटण दाबल्यावर त्यातून घसा बसलेल्या माणसासारखा एक आवाज निघाला. हरेश म्हणाला नवीनच बसव, हा काय आवाज आहे. इंद्रजीत म्हणाला, असू दे. घरी पोचताना वेशीपासूनच त्याने तो वाजवला आणि गोजाबाई ओट्यावर उठून उभी राहिली, मग बसली. सुरेंद्रकडे तो जेवणाआधी जाऊन आला. बहिणीला सगळं सांगितलं एवढंच तो म्हणाला, ओढ्याचंही म्हणाला. ती काय म्हणाली असं सुरेंद्रने विचारलं. इंद्रजीतने चार गड्यांचं वाक्य आहे तसं सांगितलं, कारण निरोप मध्येच ठेवून घ्यायची हौस त्याला उरली नव्हती. सुरेंद्र उठून आत गेला. जाताना त्याने इंद्रजीतच्या खांद्यावर हात ठेवला की आधारासाठी भिंतीवर ठेवताना तो चुकून लागला, हे इंद्रजीतला नीट समजलं नाही, आणि त्यावर तो अंथरुणात पडल्यावरही विचार करत होता.

शुक्रवारी धुकं होतं. चोक ओढून गाडी दोनदा कुरकुरली आणि तिसऱ्या किकला लागली. टोकावड्यापासून तो एकेक शक्यता मोजत आला. हॉर्न ऐनवेळी दगा देईल, ती घरात असेल, ऐकणारच नाही, किंवा ऐकून पुन्हा छातीला हात लावून रस्त्यावर येईल. वैशाखऱ्याचा गतिरोधक धुक्यातून दिसला. त्याने गाडी हळू केली, झाकण खडखडलं. अंगणात ललिता सूप घेऊन बसली होती आणि कोंबड्या तिच्याभोवती फिरत होत्या. त्याने अंगठा दाबला. हॉर्न बसक्या आवाजात वाजला, एकदा, आणि खात्री म्हणून दुसऱ्यांदा. कोंबड्या बाजूला झाल्या. तिने तांदूळ वर उडवला, झेलला, कोंडा फुंकला. तिने मान वर केली नाही.